महाग गाडीचा जुना हिशोब



"इलेक्ट्रिक गाडीला दोन-तीन लाख जास्त का मोजायचे?" आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सध्या रोज हाच विषय. आयटीवाले असल्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःची एक्सेल शीट आहे.. आणि अर्थातच प्रत्येकाचं उत्तर वेगळं :)

पण हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत तो एकदा होऊन गेलाय, आणि त्यात इलेक्ट्रिक गाडी हरली. ती का हरली हे बघितलं की आजचा हिशोब जरा नीट मांडता येतो.

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! विजेची गाडी लोकांना आवडायची. धूर नाही, वास नाही, गिअरची कटकट नाही. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. नवरा जगाला पेट्रोलच्या गाड्या विकतोय आणि घरात मात्र ही!

मग घात कुठे झाला? १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळत होती, तर विजेची साधी दोन सीटची गाडी १,७५० डॉलरला. त्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडलही गेलं.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. विजेची गाडी घेत कोण होतं? शहरातली श्रीमंत मंडळी, गावातल्या गावात दोन-चार मैल फिरायला. म्हणजे किंमत जास्त आणि वापर कमी. असे जादा पैसे वसूल कधी होणार? त्यांना वसूल करायचेही नव्हते म्हणा. ज्याला रोज लांब जायचं होतं त्या शेतकऱ्याच्या घरी वीजच नव्हती. १९३०-३५ च्या सुमारासदेखील तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती.

पण एका ठिकाणी हे गणित वेगळं मांडलं गेलं. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने १९१२ च्या सुमारास एक योजना काढली. मालवाहू गाडी बॅटरीशिवाय विकत घ्या, बॅटरी आमची. महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि जितके मैल चालवाल तितके पैसे. बॅटरी उतरली की चार्ज केलेली बसवून मिळायची. सुमारे बारा वर्षं ही योजना चालली आणि तिच्या गाड्या ६० लाख मैल धावल्या असं सांगतात. गाडीत महाग असते ती बॅटरी, आणि ती वसूल होते ती चालवल्यावर, हे त्या मंडळींनी बरोबर ओळखलं होतं. भारतात २०२४ मध्ये एमजीची विंडसर ९.९९ लाखांना आली, बॅटरीचे किलोमीटरला ३.५ रुपये वेगळे! कल्पना तीच, फक्त ११२ वर्षांनी.

आता आपला हिशोब. धरून चाला की फरक ३ लाखांचा आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. घरची वीज ९ रुपये युनिट आणि एका युनिटला ७ किलोमीटर, म्हणजे साधारण १.३ रुपये. वाचले ५.७ रुपये. म्हणजे ३ लाख वसूल व्हायला जवळजवळ ५३ हजार किलोमीटर गाडी चालवायला हवी.

माझा मेहुणा रोज ६० किलोमीटर जातो-येतो. त्याचे पैसे अडीच वर्षांत वसूल. माझं रोजचं अंतर २० किलोमीटर, मला सात वर्षांहून जास्त लागतील. गाडी तीच, किंमतही तीच, उत्तरं मात्र दोन. मेहुण्याचं स्वतःचं घर आहे, चार्जिंग अंगणात. आमच्या सोसायटीत पार्किंगमधल्या पॉइंटवर तीन मीटिंगा झाल्या, निर्णय शून्य. बाहेर चार्ज करायचं तर युनिटचा दर वाढतो आणि माझी सात वर्षं आणखी लांबतात. त्या शेतकऱ्याची अडचण मला आता चांगली कळते!

तेव्हा "इलेक्ट्रिक गाडी परवडते का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. रोज किती चालवणार आणि रात्री कुठे चार्ज करणार, ही दोन उत्तरं आधी लिहा, मगच शोरूममध्ये जा. मेहुण्याला मी "घेऊन टाक" म्हटलंय. शंभर वर्षांपूर्वी महाग गाडी कमी चालवणाऱ्यांनीच घेतली होती, ती चूक आता नको.

असो. तुमचं रोजचं अंतर किती, तेही कळवा.