हिमालयातला देवमासा

भोपाळला सोनागिरीत मावसबहिणीकडे गेलो होतो. भाच्याने विचारले, "मामा, गोव्याच्या समुद्रात देवमासे असतात?" म्हटले, "कधीतरी मेलेला किनाऱ्याला लागतो. पण फार जुना देवमासा हिमालयात सापडलाय!" त्याला थट्टाच वाटली.

थट्टा नव्हे. हिमाचल प्रदेशात सुबाथूच्या खडकांत खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, दोन दाढांसकट. १९९८ साली सुनील बाजपेयी आणि फिलिप जिंजरिच यांनी त्या प्राण्याला 'हिमालयासिटस' हे नाव दिले. वय सांगितले सुमारे ५.३५ कोटी वर्षे. पुढे त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. तेव्हा हिमालय उभा राहायचा होता, तिथे टेथिस समुद्र होता. खडक समुद्रातला, पण दाढांतला ऑक्सिजन गोड्या पाण्याचीही खूण सांगतो. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात उतरत होते, त्या काळाचा हा साक्षीदार.

इतिहास म्हटला की आम्हा गोवेकरांना पोर्तुगीज दप्तरे आठवतात. त्यातले एखादे फाटके पानही आपण जपतो. हा जबडाही तसेच एक पान.

"मग बाकीचा देवमासा कुठाय?" भाच्याने विचारले.

मी म्हटले, "उरला असेल तर डोंगरातच. तू मोठा झालास की शोध."