गलबतावरचा साक्षीदार : १७९९ चा उल्कावर्षाव

१२ नोव्हेंबर १७९९ ची पहाट. पुण्यात नाना फडणवीसांच्या आयुष्याचे अखेरचे काही महिने उरले होते. श्रीरंगपट्टण पडून सहा महिने लोटले होते. त्याच वेळी, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांजवळच्या एका जहाजावर अँड्र्यू एलिकट या अमेरिकी भूमापकाला दोन-तीनच्या सुमारास झोपेतून उठवण्यात आले. अमेरिका आणि स्पॅनिश फ्लोरिडा यांच्यातील सीमा आखण्याचे काम त्याच्याकडे होते.

तो डेकवर आला तेव्हा आकाशभर आतषबाजीचे बाण सुटावेत तशा उल्का धावत होत्या. काही तर थेट माथ्यावरून खाली येत. त्या जहाजावरच कोसळणार, असे क्षणोक्षणी वाटे. दिवस उजाडेपर्यंत हे चालले. एलिकट भयचकित झाला खरा, पण त्याने तारीख, वेळ आणि उल्कांच्या दिशा टिपून ठेवल्या. उल्का सर्व दिशांना जात होत्या, मात्र जमिनीकडून वर जाणारी एकही नव्हती, हे त्याने आवर्जून नोंदवले.

अशा नोंदीला समुद्रासारखी जागा नाही. चहूबाजूंनी मोकळे क्षितिज, रात्रभर आळीपाळीने जागणारे खलाशी, आणि जहाज कुठे आहे याचा रोजचा हिशेब.

त्याच पहाटे दक्षिण अमेरिकेतील कुमाना येथे हम्बोल्ट आणि बोंप्लां यांनीही हा वर्षाव पाहिला. पुढे हम्बोल्टने ब्राझील, ग्रीनलंड, जर्मनी येथील वृत्तान्त गोळा केले आणि एलिकटची नोंद त्यांच्याशी ताडून पाहिली. हजारो कोस दूर असलेल्या माणसांना एकच दृश्य दिसले, म्हणजे ते ढगांच्या कितीतरी वर घडत होते.

उल्कांचे वर्णन भारतीयांना नवे नव्हते. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्का, धिष्ण्या, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. आकार व दिशा यांचे बारकावेही दिले. पण सारा रोख शुभाशुभ फळांवर. अमुक उल्का अमुक रात्री दिसली, ही साधी गोष्ट त्या वर्गीकरणात बसत नाही. आणि गणिताला नेमकी तीच लागते.

१३ नोव्हेंबर १८३३ ला उत्तर अमेरिकेवर पुन्हा असाच वर्षाव झाला. येलच्या डेनिसन ओल्मस्टेडने लोकांकडून वृत्तान्त मागवले. साऱ्या उल्का सिंह राशीतील एका बिंदूपासून फाकताना दिसत होत्या. १८६४ मध्ये ह्युबर्ट न्यूटनने इ.स. ९०२ पर्यंतच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि सुमारे तेहेतीस वर्षांचे आवर्तन सिद्ध केले. ठरल्याप्रमाणे १८६६ मध्ये युरोपात आकाश पुन्हा बरसले. एलिकटचे ते टिपण या साखळीतील एक कडी होते.

आणि मराठवाडा? जहाजावर पहाटेचे तीन वाजले तेव्हा लोहाऱ्यात भर दुपार होती, दीडचा सुमार. तेथून तो वर्षाव दिसणे शक्यच नव्हते. मात्र विसाव्या शतकात, उस्मानाबाद जिल्हा (आजचा धाराशिव) निजामाच्या राज्यात असताना, त्या राज्याच्या राजधानीत हे काम एका माणसाने चिकाटीने चालवले. उस्मानिया विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले मोहम्मद अब्दुर रहमान खान हैदराबादेतून उल्कांची निरीक्षणे करीत आणि ती परदेशी नियतकालिकांकडे पाठवीत.