मोर्चा

मावळातल्या उर्से टोलनाक्यावर गाड्या खोळंबल्या की मागच्या सीटवरून हमखास ऐकू येतं, “पुढं मोर्चा आहे वाटतं!”

शब्द मूळचा लढाईतला. फारसीत ‘मोर्चाल’ म्हणजे वेढ्यासाठी खणलेला खंदक. मराठीत त्यावर तोफाही चढल्या. किल्ल्यांच्या मावळाला हे काय सांगायचं!

विसाव्या शतकात हा बसका मोर्चा चालू लागला. गिरणी कामगारांचा, मग समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकरांचा महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा. शब्दावर लाल रंग चांगलाच चढला होता.

तोच शब्द उजव्यांनीही वापरला. २०२२च्या अखेरीपासून ‘सकल हिंदू समाज’ या हिंदुत्ववादी संघटनांच्या मंचाच्या नावाने ‘हिंदू जनआक्रोश मोर्चे’ निघाले, ‘लव्ह जिहाद’ची भाषा गावोगाव पोहोचली. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबईतल्या अशाच सभेआधी, द्वेषभाषणाच्या तक्रारीवरून, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना चित्रीकरणाचे निर्देश दिले.

हल्ली मोर्चेबांधणी निवडणुकीच्या तिकिटासाठी होते, अन् घाटात भूक लागली की मोर्चा वड्याकडेही वळतो.