पगार सोडलेला कारकून

वालचंद हिराचंद सर्वांना ठाऊक आहेत. मला आज त्यांच्या भागीदाराविषयी बोलायचे आहे. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतले कारकून. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नोकरी सोडून कंत्राटदार झाले. या जोडीचे पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे, येडशी-तडवळे मार्गाचे.

रेल्वेची नोकरी म्हणजे महिनाअखेरची निश्चिंती. कंत्राटदाराने मात्र मजुरी आधी चुकवायची. त्याचे बिल मोजमाप होऊन साहेबाची सही झाल्यावर निघणार. मधले दिवस काढायला भांडवल हवे. ते वालचंदांकडे होते, फाटकांकडे कामाची माहिती. धाडस मला फाटकांचे मोठे वाटते. वालचंदांमागे सोलापूरची घरची पेढी तरी होती!

पुढे १९२६ मध्ये वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापली. ‘फाटक-वालचंद’ हे जुन्या भागीदारीचे नाव. त्यात फाटक आधी येतात.