स्पोर्ट्स कारच्या बॉनेटचा रंग इंजिनच्या उष्णतेपासून कसा वाचवायचा?

टर्बो इंजिनाची, बसकी, घट्ट बांधणीची गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी तिचा एक त्रास मालकाला हळूहळूच कळतो. बॉनेटवर एका ठरावीक जागी रंगाची चमक जाते, मग तो पांढरट पडतो आणि शेवटी लॅकरचे पोपडे निघायला लागतात. मी सेकंड हँड घेतलेल्या दोन दरवाजांच्या टर्बो गाडीचं हेच झालं. उजव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा डाग. एका डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंग सुचवलं. मी ते करूनही घेतलं, आणि सहा महिन्यांत डाग पुन्हा त्याच जागी हजर!

चूक माझीच होती. उष्णता खालून येत होती आणि मी उपाय वरून करत होतो. या लेखात आपण ही उष्णता बॉनेटपर्यंत कशी पोहोचते, डाग खरंच इंजिनमुळे आहे का हे कसं ओळखायचं आणि कोणता उपाय आधी करायचा, हे पाहूया.

बॉनेट एवढं तापतं कशामुळे?

पेट्रोल टर्बो इंजिनावर जोर पडला की एक्झॉस्टचा गॅस ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. त्यामुळे मॅनिफोल्ड आणि टर्बोचं एक्झॉस्टकडचं घर लालबुंद होऊ शकतं. स्पोर्ट्स कारमध्ये बॉनेट खाली दाबलेलं असतं, म्हणून हा तापलेला भाग आणि पत्रा यांच्यात जागा फार कमी उरते.

उष्णता दोन वाटांनी वर येते.

पहिली वाट किरणोत्सर्गाची. शेकोटीसमोर बसल्यावर वारा नसतानाही चेहरा भाजतो, तसंच हे आहे. इथलं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. किरणोत्सर्ग केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणजे ३०० अंशांच्या पाइपपेक्षा ६०० अंशांचा पाइप दुप्पट नाही, तर पाचपटीहून जास्त उष्णता फेकतो. म्हणूनच अख्खं बॉनेट खराब न होता टर्बोच्या नेमका वरचा भाग आधी जातो.

दुसरी वाट गरम हवेची. गाडी पळत असते तोवर हवा ही उष्णता वाहून नेते. खरा मार बसतो तो गाडी थांबल्यावर. समजा, खंबाटकी घाट जोरात चढून तुम्ही लगेच ढाब्यावर गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. वारा थांबला, कूलंटचा पंप थांबला, पण मॅनिफोल्ड मात्र तापलेलाच आहे. कोंडलेली हवा वर जाऊन बॉनेटला चिकटते. पुढची दहा-वीस मिनिटं बॉनेट पळत्या गाडीपेक्षा जास्त तापतं. याला ‘हीट सोक’ म्हणतात.

रंगाला नेमकं काय होतं?

कारखान्यातल्या रंगाचे साधारण चार थर असतात: गंजरोधक ई-कोट, प्रायमर, रंग आणि वरचं पारदर्शक लॅकर. सगळे मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एक-दोन केसांएवढी. तिथे लॅकर १३० ते १४० अंशांच्या भट्टीत पक्कं करतात, त्यामुळे मूळ रंग बऱ्यापैकी ताप सोसतो.

गॅरेजमधला रंग वेगळा. गाडीत प्लॅस्टिक, रबर, वायरिंग सगळं बसवलेलं असतं, म्हणून बूथमध्ये साधारण ६० अंशांवरच बेक करतात. हार्डनर घातलेला चांगला टू-के रंग यातही पक्का होतो. पण घाईत लॅकरचे जाड थर मारले, तर आतला थिनर अडकून राहतो आणि पुढे ताप लागला की बुडबुडे येतात. खाली लांबी भरलेली असेल तर आणखी त्रास, कारण लांबी आणि पत्रा वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. रोजच्या या ताणाने रंगाची पकड सुटते.

आता कोटिंगकडे येऊ. स्टीलच्या बॉनेटचा वरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. आतली उष्णता त्यातून लगेच पार होते आणि रंगाला तळातून लागते. सिरॅमिक कोटिंगचा मायक्रॉनभर थर किंवा पीपीएफची फिल्म रंगाच्या वर असते. ती पाणी, घाण, बारीक ओरखडे यांच्यासाठी चांगली आहे. पीपीएफ तर दगडांचे टोलेही झेलते. पण खालून येणारी उष्णता दोन्हीपैकी एकही अडवू शकत नाही.

इथे नावाचा एक घोटाळा होतो. एक्झॉस्टच्या पाइपवर आणि मॅनिफोल्डवर लावतात तेही ‘सिरॅमिक कोटिंग’च, पण ती भट्टीत पक्की केलेली, उष्णता रोखणारी वेगळी वस्तू आहे. दुकानात विचारताना ‘मॅनिफोल्डसाठी’ असं स्पष्ट सांगा.

आधी खात्री करा: दोष इंजिनचा की उन्हाचा?

आपल्याकडे बॉनेट खराब होण्यात उन्हाचाही मोठा वाटा असतो. म्हणून खर्चाआधी एवढं बघा:

- छत आणि डिकीही तितकीच निस्तेज झाली असेल, तर दोष उन्हाचा.
- गोल गोल पांढरे ठिपके असतील, तर बोअरच्या पाण्याचे क्षार. गरम बॉनेटवर गार पाणी मारून गाडी धुण्याच्या सवयीमुळे ते बसतात.
- छोटा, वेडावाकडा, खोलगट डाग असेल, तर बहुतेक पक्ष्याची विष्ठा. तापलेलं लॅकर थोडं मऊ पडतं, म्हणून गरम बॉनेटवर हा डाग जास्त खोल जातो.
- डाग बरोबर टर्बोच्या किंवा मॅनिफोल्डच्या वर असेल, तर बॉनेट उघडून आतली बाजू बघा. तिथला रंग पिवळट-तपकिरी किंवा ठिसूळ झाला असेल, तर गुन्हेगार सापडला. इंजिनचा ताप आधी आतल्या रंगाला लागतो.

आणखी खात्री हवी असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. सूर्य मावळल्यावर गाडी चालवून आणा, उभी करा आणि दर पाच मिनिटांनी बॉनेटच्या दोन्ही बाजूंचं तापमान मोजा. माझ्या गाडीत उजवी बाजू डावीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त निघाली. रंगवलेल्या भागावर हे यंत्र ठीक आकडा देतं, पण चकचकीत धातूवर फसतं.

उपाय: सुरुवात इंजिनपासून

१. जे मूळ होतं ते जागेवर आहे का? बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्ड आणि टर्बोवर पातळ पत्र्याची हीट शील्ड असते. गंजलेले बोल्ट तुटतात आणि दुरुस्तीनंतर शील्ड परत बसवलीच जात नाही. माझ्या गाडीत हेच निघालं. आधीच्या कुठल्या तरी कामात शील्ड काढून टाकली होती. जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेली शील्ड आणि नवे बोल्ट यांचा खर्च कोटिंगच्या बिलापुढे काहीच नव्हता. सोबत मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय का तेही बघा. इंजिन थंड असताना टिक-टिक आवाज येत असेल, तर तापलेला गॅस थेट वर फेकला जात असू शकतो. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, तेही तपासा.

२. बॉनेटखालचं पॅड. हे आवाज आणि उष्णता दोन्ही अडवतं. काही जण इंजिन उठून दिसावं म्हणून ते काढतात, आणि पार्किंगमधले उंदीर तर ते कुरतडतातच. फाटलं असेल तर गाडीचंच नवीन पॅड बसवा. त्याजागी घरगुती फोम किंवा बबल शीट अजिबात चिकटवू नका, ती पेट घेऊ शकते.

३. टर्बो ब्लँकेट. टर्बोच्या फक्त एक्झॉस्टकडच्या घरावर बसेल असं, मापाचंच घ्या. मधल्या बेअरिंगच्या भागावर ते चढवू नका. तिथे उष्णता कोंडली तर आतलं तेल जळून बेअरिंग खराब होईल.

४. एक्झॉस्ट रॅप. पाइपला गुंडाळायची फायबरग्लास किंवा बेसाल्टची पट्टी. काम करते, पण ओलावा धरून ठेवते, म्हणून साधं स्टील लवकर गंजतं. बिडाच्या मॅनिफोल्डला तडे जाण्याची भीती असते. आणि रॅप असो की ब्लँकेट, कुठून तेल गळत असेल तर आधी गळती थांबवा. तेलाने भिजलेला रॅप म्हणजे आगीला आमंत्रण.

५. चमकदार शीट. स्वच्छ, चकचकीत ॲल्युमिनियम बहुतांश किरणोत्सर्ग परतवतं. पण त्याच्या आणि तापलेल्या भागाच्या मध्ये हवेची फट हवी, आणि ते स्वच्छ राहायला हवं. धूळ-तेलाचा थर बसला की परिणाम घटतो.

मॅक्लारेन एफ-वन या १९९० च्या दशकातल्या गाडीत इंजिनचा कप्पा चक्क सोन्याच्या पातळ पत्र्याने मढवला होता! हौसेखातर नव्हे. गाडीचं शरीर कार्बन फायबरचं होतं, आणि सोनं अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण परतवतं, शिवाय काळंही पडत नाही. तिथेही बंदोबस्त आतूनच केला होता.

बॉनेटला जाळी पाडावी का?

गरम हवा बाहेर जायला वाट मिळाली की फरक पडतो. फेरारी एफ-४० च्या इंजिनवरच्या पारदर्शक झाकणाला आडव्या फटी आहेत त्या त्यासाठीच. पण पुढे इंजिन असलेल्या गाडीत जागा महत्त्वाची. विंडशील्डच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून वेगात असताना हवा बाहेर जाण्याऐवजी आत येऊ शकते. वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचा जुगाड म्हणूनच बिनकामाचा, आणि बिजागरीच्या मजबुतीशी खेळ तो वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालतं. पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारा.

बाजारातलं कार्बन फायबरचं बॉनेट बसवणार असाल तर रेझिन कोणतं आहे ते विचारून घ्या. साध्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी ६० ते ८० अंशांवरच मऊ पडायला लागतं. मग बॉनेट पिवळं पडतं किंवा वाकतं.

रोजच्या सवयी

- शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी हळू चालवा. जोरात चालवून थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच बंद करा.
- घाट चढून थांबलात आणि जागा सुरक्षित असेल, तर दहा-पंधरा मिनिटं बॉनेट उघडं ठेवा. फुकट आणि सगळ्यात परिणामकारक उपाय.
- तापलेल्या गाडीवर लगेच कव्हर घालू नका.
- बॉनेट हाताला गार लागल्याशिवाय धुऊ नका, पॉलिशही करू नका.

रंग सगळ्यात शेवटी

उष्णतेचा बंदोबस्त झाल्यावरच पेंटरकडे जा. फक्त चमक गेली असेल तर पॉलिशने थोडं काम भागतं, पण प्रत्येक पॉलिशमध्ये लॅकर झिजतं हे विसरू नका. पोपडे निघत असतील तर तेवढ्याच जागी लॅकर मारून टिकत नाही. जुना थर पूर्ण काढून अख्खं बॉनेट रंगवावं लागतं. पेंटरला तीनच गोष्टी सांगा: लांबी कमीत कमी, थर पातळ, आणि दोन थरांमध्ये सुकायला पुरेसा वेळ. आतली बाजूही रंगवायला सांगा.

माझ्या गाडीत शील्ड आणि नवीन पॅड बसवून मगच बॉनेट रंगवलं. त्याच रस्त्यावर पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंमधला फरक पाच-सहा अंशांवर आला होता. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, डाग आलेला नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी बॉनेटवर काही लावायचं सुचवलं, तर आधी ते उघडा आणि खाली बघा.