कालव्याकाठचे बंगले

बारामतीचे नाव निघाले की मराठी वाचकाला कविवर्य मोरोपंत आठवतात आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक व कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा. ते योग्यच आहे. तथापि याच बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत घराचा एक निराळा प्रकार रुजला, आणि त्याच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. तो प्रकार म्हणजे बंगला.

वाडा आत पाहतो. बाहेरून भक्कम भिंत आणि दिंडीदरवाजा. आत चौक, ओसरी, माजघर, देवघर. घराचे सारे जगणे त्या चौकाभोवती फिरते. बंगल्याची रीत याच्या नेमकी उलट. भोवती मोकळे आवार, आवाराला कुंपण व फाटक, आणि मधोमध उंच जोत्यावर बसलेले एकमजली घर, ज्याचे तोंड चहूकडे व्हरांड्यातून बाहेर वळलेले. हा शब्द मूळचा बंगालचा. तेथील उतरत्या छपराच्या साध्या घरावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी आपल्या निवासाचा नमुना घेतला, छावण्यांतून तो देशभर नेला, आणि १८७० च्या सुमारास तो थेट इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर जाऊन पोहोचला. बंगाली शेतकऱ्याची झोपडी साहेबाची हवेशीर कोठी झाली, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

आपल्या भागात बंगला आला तो पाण्याच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग होरपळून निघाला. त्यानंतर भाटघरला येळवंडी नदीवर धरण आणि वीर येथे नीरेवर बंधारा बांधून नीरेचा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. पुरंदर, बारामती व इंदापूरच्या शिवारांतून जाणारा हा कालवा शंभर मैलांच्या आसपास लांब. एवढ्या लांबीच्या कालव्याची देखभाल करणारे अधिकारी घोड्यावरून फिरत. त्यांच्या मुक्कामासाठी काठाने, दिवसाच्या मजलीच्या हिशेबाने, तपासणी बंगले बांधले जात. पुढे १९२७-२८ मध्ये भाटघरलाच लॉइड धरण पुरे झाले, पाणी वाढले आणि वर्दळही वाढली.

या बंगल्यांची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या. त्यामुळे वैशाखातली उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. छत उंच. भिंतीच्या वरच्या भागात लहान झरोके, कारण तापलेली हवा वर चढते आणि तेथून निघून जाते. दारे समोरासमोर, म्हणजे वाऱ्याला आरपार वाट. व्हरांड्याचे छप्पर खाली उतरत आलेले, जेणेकरून ऊन भिंतीला शिवू नये. उन्हाळ्यात दारांवर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडायचे आणि बाहेर बसलेल्या माणसाने दोरीने पंखा ओढायचा. विजेवाचून हवा खेळती ठेवण्याचे हे शास्त्र आजच्या सिमेंटच्या पेटीवजा घरांपेक्षा पुष्कळ शहाणपणाचे होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

छपरावर बहुधा मंगलोरी कौले. १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी मंगळूरला यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला. प्रॉटेस्टंट मिशनने धर्मांतरितांना रोजगार मिळावा म्हणून चालविलेल्या या उद्योगाने निम्म्या हिंदुस्थानची छपरे लाल केली. १९१४ साली दौंड-बारामती ही छोटी रेल्वे सुरू झाल्यावर बांधकामाचे असे जड साहित्य बारामतीपर्यंत आणणे सोपे झाले.

परंतु कालव्यावरचा बंगला हे केवळ घर नव्हते. ती पाण्याची कचेरी होती. एकोणिसावे शतक संपता संपता पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांची सूत्रे विश्वेश्वरय्यांच्या हाती आली आणि त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी ठराविक तुकड्यांना पाळीपाळीने द्यावयाचे, उसाखालचा हिस्सा दरवर्षी बदलावयाचा, म्हणजे जास्त गावांना लाभ होईल आणि जमीनही बिघडणार नाही. ती भीती खोटी नव्हती: पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवटलेल्या जमिनींवर स्वतंत्र अभ्यासच प्रसिद्ध केला. ऊस कोणाचा वाळणार आणि कोणाचा वाढणार, हे पाण्याच्या मंजुरीवर ठरे. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे. पाणीअर्ज घेऊन आलेला शेतकरी पायरीखाली उभा राही. जोत्याची उंची विंचूकाट्यापासून व ओलीपासून बचावासाठी होती हे खरे. पण तिने माणसांची उंचीही ठरवून टाकली.

उसाने पैसा आला, आणि बंगला साहेबापुरता राहिला नाही. सासवडकडचे माळी बागायतदार या कालव्यावर येऊन ऊस पिकवू लागले. १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभारला. तेथे वालचंदनगर वसले. अशा कारखान्यांच्या वसाहतींत हुद्द्याप्रमाणे घरे आली: वरिष्ठांना बंगले, कारकुनांना जोडघरे, कामगारांना चाळी, आणि ऊसतोडणीला आलेल्यांना पाचटाची खोपटी. देशी कुटुंबे बंगल्यात राहावयास गेली तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने बदलून घेतला. मागच्या आवारातला बबर्चीखाना घराला जोडून स्वयंपाकघर झाला. एका खोलीत देवघर आले, अंगणात तुळस आली, आणि जेथे साहेबाची आरामखुर्ची होती तेथे झोपाळा टांगला गेला. वाडा आणि बंगला यांचा हा समेट मला फार गोड वाटतो.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. प्रत्येक निजावयाच्या खोलीला लागून न्हाणीघर असे, आणि त्याला बाहेरून एक छोटे दार. ते मैला उचलणाऱ्यासाठी. नळ-गटाराची सोय नसलेल्या त्या काळात शौचाची पेटी रोज रिकामी करावी लागे. ते काम करणाऱ्याने घरातून जाऊ नये, कोणाच्या दृष्टीस पडू नये, म्हणून नकाशातच ही योजना. अस्पृश्यता न मानणाऱ्या साहेबानेही ती अशी दगड-चुन्यात बांधून ठेवली. आपण ख्रिस्ती मंडळींनी येथे फार ताठ मानेने बोलू नये. आपली कितीतरी जुनी धर्मगुरुनिवासे याच नकाशावर उभी आहेत. त्यांनाही तोच उंच व्हरांडा, त्याच पायऱ्या आणि मागच्या बाजूला तेच दार. ज्यांचे बाप्तिस्मे पुढच्या दालनातल्या वहीत नोंदले गेले, त्यांच्यापैकी काहींच्या घरचे कोणी त्या मागच्या दाराने ये-जा करीत नसेल, असे मला खात्रीने म्हणवत नाही.

मी पाहिलेल्या जुन्या बंगल्यांत ही दारे आता विटांनी बुजविलेली आहेत. आत नळ आले, पांढऱ्या फरश्या आल्या. पण मागच्या बाजूने फिरून पाहिले, तर काळ्या दगडांमध्ये तेवढ्याच उंचीचा विटांचा चौकोन वेगळा दिसतो, आणि त्याच्यापुढची झिजलेली पायरी कोणी काढलेली नसते.