मनोरीची माडी आणि खिमट
साष्टीच्या किनाऱ्यावर माडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. भंडारी सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, पोय म्हणजे न उमललेला फुलोरा घट्ट बांधून हलकेच ठोकतो, टोकाची पातळ चकती छाटतो; रस मडक्यात थेंबथेंब साठतो. ऊन चढले की तो आपसूक आंबतो, म्हणून खरी चव झाडापाशीच मिळते.

1878च्या अबकारी कायद्याने झाडांवर जबर कर बसवला, 1949च्या दारूबंदी कायद्याने उरलासुरला धंदाही मोडला. हे नुकसान मोठेच. मनोरीसारख्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत मात्र लग्नाला, नाताळला गावठी दारूत गवती चहा, दालचिनी, लवंग घालून गरम खिमट करण्याची रीत टिकली. पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून ताज्या बिअरसाठी अशी ठिकाणे गाठणारे शौकीन वाढले. खिमट मात्र बहुधा बाजारात नव्हे, घरच्या पाहुणचारात चाखायला मिळते.